थांबराव आणि शेवटचा जुडगा

क्रेनबाई तशा रागीट नव्हत्या. पण एक राग त्यांनी ठेवणीतल्या कपड्यासारखा घडी घालून जपला होता, आणि व्याह्यांचा विषय निघाला की तो बाहेर यायचा. त्याला तीन वर्षं झाली तरी कसर लागली नव्हती!

व्याही म्हणजे थांबराव. हे नाव त्यांना अणुवीज केंद्रानं दिलेलं. तिथे ते किरणोत्सर्ग मोजायचे आणि क्रेनबाई क्रेन चालवायच्या. केंद्रात एक नियम होता. कुणीही, अगदी झाडूवाल्यानंही, "थांब!" म्हटलं की मोठ्या साहेबांपासून सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. प्रत्येकानं "थांबलो" किंवा "थांबले" असं उत्तर द्यायचं. सगळ्यांची उत्तरं आली आणि तपासणी झाली, की ज्यानं थांबवलं त्यानंच "चालू" म्हणायचं. इतरांना वर्षाकाठी एखाद्या वेळी "थांब" म्हणायची वेळ यायची. थांबराव आठवड्याला म्हणायचे.

केंद्रात म्हणा हो, कोण नाही म्हणतंय? पण हा माणूस लग्नात म्हणाला!

क्रेनबाईंची लेक आणि थांबरावांचा मुलगा यांचं लग्न. निम्मे पाहुणे केंद्रातलेच. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा म्हणून क्रेनबाईंनी तासभर खपून माणसं उभी केली होती. तेवढ्यात थांबरावांना पडद्यामागून धूर दिसला. "थांब!" ते गरजले. झालं! निम्म्या मांडवानं एका सुरात "थांबलो!" म्हटलं आणि माणसं होती तशी गोठली. एकाचा चमचा तोंडापाशी, एकीचा हात केसांत, मोठे साहेब खुर्चीवर एक पाय टाकून. फोटोवाल्यानं घाबरून बटण दाबलं. धूर निघाला आचाऱ्याच्या सिगारेटचा.

उत्तर दिलं नाही ते फक्त क्रेनबाईंनी. "अहो, हे लग्न आहे की अणुभट्टी?" एवढं म्हणून त्यांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. थांबराव "चालू" म्हणायला तोंड उघडून उभेच राहिले. माणसं मात्र हळूहळू आइस्क्रीमकडे पांगली. ते तोवर वितळलं होतं, तेही थांबरावांच्याच खात्यात गेलं. लेकीनं तो फोटो हौसेनं दिवाणखान्यात लावला. तिच्याकडे गेल्या की क्रेनबाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या.

मग केंद्र बंद व्हायला लागलं. वीज तर आधीच थांबली होती, आता राहिली होती आवराआवर. वापरलेल्या इंधनाच्या सळ्यांचे जुडगे खोल हौदात पाण्याखाली ठेवलेले असत. ते पाण्यातल्या पाण्यात उचलून जाड पोलादी पिंपात भरायचे, आणि मग हौदाचं पाणी गाळून स्वच्छ करायचं. कारण भिंतीपलीकडे तळं होतं आणि अख्खं गाव त्याचं पाणी पीत होतं. क्रेनबाईंच्या घरचा नळही त्याच तळ्याचा. इथे हयगय केली तर आपल्याच पेल्यात येणार, हे त्या प्रत्येकाला ऐकवायच्या.

काम कमी झालं तशी माणसंही गेली. कॅन्टीन बंद पडलं. कपडे बदलायच्या खोलीत खुंट्या रिकाम्या झाल्या. आणि एके दिवशी हौदात एकच जुडगा उरला. क्रेनबाईंच्या नोकरीचाही तो शेवटचा दिवस. या हौदात पहिला जुडगा त्यांनीच ठेवला होता, तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आता शेवटचाही आपल्याच हातानं पिंपात जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. उद्यापासून बाहेरच्या कंपनीची माणसं येणार होती.

"काठावर उभा राहायला मोजणीवाला नाही हो," साहेबांनी कान खाजवत सांगितलं. "माणसंच नाहीत. कॅमेरा लावतो, तुम्ही एकट्याच उरका."

"मी घरी एकटीनं शिडीसुद्धा चढत नाही," क्रेनबाई म्हणाल्या. "वर एक, खाली एक. नाहीतर मी हात लावणार नाही."

"परवाना चालू असलेला एकच माणूस आहे. तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय. तुमचे ते... व्याही."

क्रेनबाईंनी कडू औषधाचा घोट घ्यावा तसं तोंड केलं. "बोलवा," त्या म्हणाल्या.

आले की लगेच! टुणटुणीत, हातात मीटर, अंगात पांढरा झगा. जाड काचेपलीकडे साहेबलोक केक घेऊन जमले; केबिन आणि काठाचं बोलणं त्यांना भोंग्यातून ऐकू येत होतं. लेक आणि जावईही होते. क्रेनबाई वर केबिनमध्ये बसल्या आणि कानाला यंत्र लावलं.

"काठ तयार," खालून आवाज आला.

आता उत्तर न देऊन कसं चालेल? "केबिन तयार," त्या म्हणाल्या. काचेपलीकडे जावयानं बायकोला कोपरानं ढोसलं. "अगं, बोलले! तीन वर्षांनी बोलले!"

जुडगा पाण्याखाली अलगद उचलला गेला आणि पिंपाकडे सरकू लागला. क्रेन लोण्यासारखी चालत होती. अर्ध्या वाटेवर क्रेनबाईंना हुकाखालून बारीक बुडबुडे वर येताना दिसले.

काठावरून ते दिसत नव्हते, काचेतून तर नाहीच. हवाच असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. पण सळीला तडा असला तर? तर घाण पाण्यात उतरणार, आणि पाण्याच्या अगदी कडेला तो माणूस उभा. आता थांबवावं तर तपासणीत वेळ जाणार, पाळी संपली की केबिन सोडावीच लागते, आणि जुडगा ठेवणार उद्याची परकी माणसं. शिवाय "थांब" म्हणायचं ते कुणाला? थांबरावांना! क्रेनबाईंनी क्रेन रोखली.

"थांब!"

"थांबलो," खालून तत्काळ आलं.

काचेपलीकडेही सगळे गोठले. साहेबांची सुरी केकच्या वर तशीच अधांतरी. लेक हसू दाबत उभी.

"काय दिसलं?" थांबरावांनी शांतपणे विचारलं.

"बुडबुडे. हुकाखाली."

मग सुरू झाली त्यांची तपासणी. हवा मोजली, पुन्हा मोजली. पाणी काढून प्रयोगशाळेत धाडलं. हुकाच्या दुरुस्तीचा कागद मागवून वाचला. घड्याळ पुढे पळत होतं. "आटपा की!" क्रेनबाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. थांबवणाऱ्याला काय सोसावं लागतं ते आज त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

शेवटी आवाज आला. "हवा साफ. पाणी साफ. हुकाला कालच नवीन आवरण बसवलंय, त्यात हवा अडकली होती."

क्रेनबाईंचे कान तापले. "म्हणजे काहीच नव्हतं. उगीच थांबवलं मी." आता हा माणूस सव्याज परतफेड करणार, आणि का करू नये? लग्नातला त्याचा धूर तेवढा खोटा आणि आपले बुडबुडे खरे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

"विहीणबाई," थांबराव म्हणाले, "काहीच नव्हतं, याच्याएवढी गोड बातमी नाही हो जगात. मी जन्मभर हीच ऐकायला लोकांना थांबवत आलो."

क्रेनबाईंना एकदम भरून आलं. त्यांनी डोळे पुसले, नीट दिसायला हवं होतं. "चालू," त्या म्हणाल्या.

"चालू."

पाळी संपायला थोडकाच वेळ उरला होता, पण त्यांनी काडीचीही घाई केली नाही. जुडगा पिंपात उतरला. "टेकला." "टेकला." "हुक सुटला." "सुटला." काचेपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला असणार. आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते, आणि लेक चक्क उड्या मारत होती. क्रेनबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि आनंद तर त्या एवढ्याशा केबिनमध्ये मावेना.

पण त्यांनी कानाचं यंत्र काढलं नाही.

"काठ, माझं एक उत्तर द्यायचं राहिलंय."

"कसलं?"

"लग्नातलं." त्यांनी घसा खाकरला. "थांबले."

खाली पांढऱ्या झग्यातले खांदे गदागदा हलू लागले. थांबराव हसत होते की रडत होते, वरून कळेना.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुमच्या उत्तरावाचून मला 'चालू' म्हणता येत नव्हतं हो. तीन वर्षं तसाच उभा होतो."

"मग आता म्हणा की!"

"चालू, विहीणबाई. चालू!"