दगड काही बुडेनात

थोरलीचं आणि धाकटीचं बिनसलं ते आईच्या शिवणयंत्रावरून. यंत्र थोरलीनं उचललं आणि धाकटीनं डोक्यात राख घालून घेतली. दोघींच्या घरांच्या मध्ये डोंगरावरून धडपडत येणारी नदी, आणि ओलांडायला तिच्यात ओळीनं मांडलेले दगड. तरी थोरली दर आठवड्याला पलीकडे जायचीच. कधी सुई मागायला, कधी सुई बोथट निघाली म्हणून भांडायला. धाकटीचा चहा होईस्तोवर दुपार कलायची. दुपार कलली की वर वीजघर सुरू व्हायचं, पाण्याचा लोंढा यायचा, दगड बुडायचे. मग ‘अगं बाई, अडकले की मी’ म्हणत थोरली बहिणीकडे मुक्काम ठोकायची आणि दोघी झोप लागेपर्यंत भांडायच्या. आयुष्यात तेवढंच काय ते तिला सुख होतं, पण हे कबूल कोण करणार?

पाणी सोडणारा तिचाच मुलगा. आई अडकली की त्या बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

यंदा वरून हुकूम आला. माशांनी दगडगोट्यांत घातलेली अंडी लोंढ्यानं वाहून जातात, पाणी ओसरलं की पिल्लं कडेला तडफडतात, तेव्हा आता दिवसभर सारखं, बेतानंच पाणी सोडायचं. मुलगा नाचतच घरी सांगायला आला. थोरलीनं ताट बाजूला सारलं. मेले मासे! त्यांनाच तेवढी पोरंबाळं?

त्या आठवड्यात ती गेली, पण सगळं लक्ष नदीकडे. नदी आपली गुणी बाळासारखी वाहत होती. दगड कोरडे ठणठणीत. दुपार कलते न कलते तोच मुलगा न्यायला दारात हजर. गुडघा दुखतोय म्हणाली, तर हा पाठ वळवून खाली बसला. म्हणे, चल, पाठीवर घेतो.

बसला तो बसलाच. पाठीवर कुणी येईना.

“मला यायचं नाहीये,” थोरली म्हणाली. “मला हिच्याजवळ राहायचंय.”

मुलगा उठून उभा राहिला. धाकटीनं आधी पदरानं डोळे पुसले, मग बहिणीवर वटारले.

“इतक्या वर्षांत तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही का गं? दरवेळी मी चहा उशिरा का टाकायचे?”

मुलगा एकटाच घरी गेला.