वगळलेला होकार

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर गोष्ट कानापर्यंत येईल, काळजापर्यंत यायची नाही. इथे टाळ नाहीत, मृदंग नाही, तरी कीर्तनाला बसल्यासारखे बसा. कथा देवाची नाही, एका दाराची आहे. पण दार नीट उघडले तर देव काही फार लांब नसतो, हे तुम्हाला मी कशाला सांगू!

कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडे एक अरुंद गल्ली आहे. श्रावणातली सकाळ होती. दारांपुढे सडे पडले होते, कुणाच्या तरी घरात कुकर शिट्टीवर आला होता, आणि एका दारापुढे तेजस्वी हसत उभी होती. हसणे हा तिच्या कामाचा भाग होता.

दार पूर्णिमाबाईंनी उघडले.

"वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं," तेजस्वी म्हणाली. "मी एकटीच आहे. एम.ए. झालंय, नोकरी आहे."

"व्हय, हाय की! आत ये, बस. गाव कुठलं म्हणायचं?"

"नेसरी. गडहिंग्लजकडची."

"आगं बाई! माझी आत्या तिकडंच दिलीया. थांब, च्या टाकते. नाव काय तुझं?"

"तेजस्वी कांबळे."

पूर्णिमाबाईंचा लायटर शेगडीपाशी गेला होता तो तिथेच राहिला. "कांबळे... बरं, बरं. आगं, मी इसरलेच बघ! आमच्या भावजींचा पोरगा यायचाय शिकायला. त्याला द्यायची ठरलीया खोली. वाईट वाटून घिऊ नको हां. आमी असलं काय मानत न्हाई."

तेजस्वीने 'असले' काहीच विचारले नव्हते. ती हसली, नमस्कार केला आणि उतरली. मागे शेगडी पेटल्याचा आवाज आला. चहा झाला, पण घरच्यांपुरता.

गल्लीच्या तोंडाशी उदयसिंह सर गाडीत बसले होते. तिने सगळे सांगितले. सरांनी टिपून घेतले आणि मान डोलावली. "छान!"

सर समाजशास्त्राचे प्राध्यापक. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही सगळा दोष त्यांच्या पदरात टाकून मोकळे व्हाल. जातीविरुद्ध त्यांनी आयुष्यभर लिहिले. त्यांना कळून चुकले होते की घरमालकाला सरळ विचारले तर शहरात जात मानणारा औषधालासुद्धा सापडत नाही. म्हणून त्यांनी ही रीत काढली. दोन मुली, सारखेच कपडे, सारखेच शब्द. आज तेजस्वी कांबळे खोली विचारणार, उद्या त्याच दारात संयोगिता मोहिते. पुढच्या घरी क्रम उलटा. फरक तेवढा आडनावाचा. आपण कोण, कशासाठी आलो, हे कुणाला सांगायचे नाही. खोली मिळाली तर 'कळवते' म्हणायचे आणि त्या दारात पुन्हा पाऊल टाकायचे नाही.

काम चोख होते. पण सरांच्या तोंडावर आजवर कुठलेही दार लागले नव्हते. त्यांच्या लेखी नकार म्हणजे मापात पडलेले धान्य. उंबऱ्यावरून परत फिरणारे पाय मात्र तेजस्वीचे होते.

मागच्या आठवड्यात सर म्हणाले होते, "तू आताशा पडलेला चेहरा घेऊन जातेस, तेजस्वी. उद्या कोणी म्हणेल, मुलगी घुमी वाटली म्हणून खोली दिली नाही. मग आपला निष्कर्षच लंगडा पडतो. संयोगितासारखं हसत जा."

संयोगिताचे हसू ताजे असायचे. ते शिळे होण्यासारखे तिच्या वाट्याला काही आले नव्हते. ती पोर मनाने चांगली. गाडीत तेजस्वीचा हात हातात घ्यायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

एक गोष्ट मात्र सरांनी कधी विचारली नाही, आणि तेजस्वीने सांगितली नाही. तिला खरोखरच खोली हवी होती. शिक्षण संपले होते, वसतिगृह महिनाअखेर सोडायचे होते. दिवसभर कामासाठी दारे वाजवल्यावर संध्याकाळी स्वतःसाठी दार वाजवायला हात उठत नसे. गावाहून आईचा फोन यायचा. "खोली गावली काय गं?" तेजस्वी म्हणायची, "बघतेय, आई." मग मैत्रिणींनी सोडलेल्या रिकाम्या खाटांकडे बघत पडून राहायची.

त्याच गल्लीच्या शेवटच्या घरी अक्काताई राहत. सत्तरीच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मुलगा वीरेश बंगळूरला. नवरा गेल्यापासून बंद असलेली मागची खोली त्यांना भाड्याने द्यायची होती. तेजस्वी तिथेही गेली.

त्यांनी आधी नाव विचारलेच नाही. "जेवलीस काय?"

"हो, आज्जी."

"खोटं बोलायलीस. तोंड बघ सुकलेलं." शेंगदाणे आणि गुळाची वाटी पुढे आली. "आता बोल. कुणाची तू?"

तेजस्वीने नाव सांगितले. आडनावही सांगितले, ठरल्याप्रमाणे स्पष्ट.

अक्काताई खोलीची कडी काढायला निघाल्या होत्या. त्यांचा हात कडीवर थांबला. तेजस्वीने तो थांबलेला हात पाहिला आणि सवयीने हसू आणखी रुंद केले. आता भाचा येणार, नाहीतर पुतण्या.

"हे बघ पोरी, यव्वा," अक्काताई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी लिंगपूजा करणारी बाई. लहानपणापासनं जे शिकवलं ते हातात बसलंय, काय करू? मला तुझं भ्या न्हाई, गल्लीचं हाय. पर ही गल्ली मला दुखलं-खुपलं तर इचारायला येत न्हाई. घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज न्हाई." मग त्यांनी कडी काढली. "रोज देवळात बुवा सांगत्यात, म्हादेव कुठल्या वेषात दारात यील ठावं न्हाई. नुस्तं ऐकून घरला यायचं तर कीर्तन कशाला ऐकायचं? पैल्या तारखेला ये."

आत एक खाट, भिंतीत फडताळ, खिडकीशी तुळस. 'कळवते' हा शब्द तेजस्वीच्या जिभेवर तयार होता. पण तोंडातून निघाले, "येते, आज्जी. नक्की येते."

गाडीत तिने फक्त होकार सांगितला. दिलेला शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी संयोगिता त्या दारातून चकित होऊन परतली. "सर, मला नाही म्हणाल्या! म्हणे, 'खोली दिली की. कांबळ्याच्या पोरीला शब्द दिलाय.' आणि बळंच चहा पाजला."

सरांनी पेन कपाळावर टेकवले. "जोडी जुळत नाही. तुला नकार मिळाला तो आडनावामुळे नाही, खोली गेली म्हणून. हे घर धरलं तर तक्ता गढूळ होईल." त्यांनी त्या घरावर रेघ ओढली. "अपवाद. वगळूया."

पहिली तारीख आली. तेजस्वी गेली नाही. सरांची शिफारस मिळाली तर पुढच्या शिकण्याला शिष्यवृत्ती होती. नियम मोडला तर इतक्या घरांची मेहनत मातीमोल. जयसिंगपूरच्या एका मैत्रिणीच्या घरी तिने पथारी टाकली आणि एस.टी.ने जाऊ-येऊ लागली. आईला सांगितले, "खोली मिळाली." खिडकीशी तुळस आहे, हेही सांगितले.

मग एके दिवशी संयोगिता धापा टाकत आली. "मी त्या गल्लीवरून गेले होते गं. दुकानात बायका हसत होत्या. अक्काताईंनी खोली धुऊन काढली होती, नवीन माठ आणला होता. पहिल्या तारखेला दिवसभर दारात उभ्या होत्या. गल्लीशी आधीच भांडून बसलेल्या, मुलानं फोनवर तोंडसुख घेतलं ते वेगळंच. आणि आता सगळ्या म्हणतात, 'बघा, म्हातारीनं जात सोडली आन् पोरगीनं म्हातारीला सोडलं!'"

तेजस्वी तशीच सरांच्या खोलीत गेली. "सर, अक्काताईंना जाऊन खरं सांगूया."

"एका घराला कळलं की गल्लीला कळणार, गल्लीला कळलं की शहराला. अजून निम्म्या पेठा बाकी आहेत." सर शांतपणे म्हणाले. "तेजस्वी, तुझ्या सोसण्यावर नुसत्या शब्दानं कोणी विश्वास ठेवत नाही गं. आकडा लागतो. म्हणून तर हा खटाटोप."

बोलणे खरे होते, म्हणूनच जास्त लागले. "मान्य आहे, सर. पण ज्यांनी दार लावलं त्यांचं नाव आपण झाकतोय, आणि ज्यांनी उघडलं त्यांना आपण गल्लीत उघडं पाडलंय. आणि तुमच्या तक्त्यात त्या नाहीतच."

"तो पद्धतीचा भाग आहे."

"मीपण पद्धतीचाच भाग होते, सर. मला खोली पाहिजे होती. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"उद्यापासून मी दारं वाजवायला जाणार नाही," ती म्हणाली. "शिफारशीचं तुम्ही ठरवा."

संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हते. अक्काताई उंबऱ्यात वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली, पुन्हा वातीत घातली.

"आलीस व्हय? पैली तारीख चुकली तुझी."

तेजस्वी पायरीवर बसली आणि तिने सगळे सांगितले. सर, संयोगिता, आडनाव, नियम. काही राखून ठेवले नाही.

हातातली वात वळून पुरी झाली. मग अक्काताई म्हणाल्या, "म्हंजी माझी परीक्षा घ्यायला आलतीस."

"हो, आज्जी."

"देव बी घेतो, यव्वा. भिक्षा मागणाऱ्या जंगमाच्या वेषात येतो, नको नको ते मागतो. पर शेवटाला आपलं रूप दावतो. म्हणतो, 'भिऊ नको, मीच आलतो.' घेतल्यालं परत देतो. तुमच्या सरानं परीक्षा घेतली आन् दारातनंच पळ काढला. पास का नापास, ते तरी सांगायचं!"

"तुमचं उत्तर त्यांनी खोडलं, आज्जी. बाकीच्यांशी जुळेना म्हणून."

अक्काताई हसल्या, पण ते हसणे ऐकवत नव्हते. "झ्याक झालं की! गल्लीनं बी वगळलं, सरानं बी वगळलं."

"खोली मला खरंच पाहिजे होती. तेवढं खोटं नव्हतं."

"मग आली का न्हाईस?"

तेजस्वीला सांगण्यासारखे पुष्कळ होते. ती एवढेच म्हणाली, "शिफारस पाहिजे होती."

"हां. हे खरं बोललीस." वाती डबीत गेल्या. "खोली हाय अजून. एक बँकवाला आलता, त्याला न्हाई म्हटलं. खुळी मी! पर आज व्हय म्हणणार न्हाई. मागल्या खेपंला एका दमात म्हणलं, त्याचं काय झालं बघितलंस. मला इच्यार करू दे."

"बरं, आज्जी."

गल्लीच्या तोंडाशी देवळातली घंटा वाजली. अक्काताई गुडघ्यावर हात देत उठल्या, सतरंजीची गुंडाळी काखेत मारली. चार पावले गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "कीर्तनाला यायचं तर ये. देवळाला कडी न्हाई."

देवळात बायकांच्या बाजूला दाटी होती. अक्काताईंनी खांबाशी सतरंजी अंथरली. पूर्वी तिच्यावर चौघीजणी मांडीला मांडी लावून बसत. त्या महिन्यात कोणी बसले नव्हते. तेजस्वी कडेला टेकली, निम्मी सतरंजीवर, निम्मी फरशीवर. पूर्णिमाबाईंनी पाहिले, शेजारणीच्या कानाला लागल्या आणि पदर सावरत दोघी पलीकडे जाऊन बसल्या. त्यांच्यामागून आणखी एकजण. भरल्या देवळात अक्काताई आणि तेजस्वीभोवती रिकामी फरशी उरली.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. अक्काताईंची नजर समोर महादेवावर होती. ती न हलवता त्या थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, "मांडी घालून नीट बस. अशी अवघडून बसलीस तर कीर्तन काय ऐकणार?"

तेजस्वीने मांडी घातली. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी बस म्हटले होते, आणि तेही आडनाव माहीत असताना.

सरांचा अहवाल पुढे छापून आला. वाखाणला गेला. तो खोटा नाही. त्यातला प्रत्येक नकार खरा आहे, आणि त्या नकारांत तुमच्या-माझ्या घरांची दारे आहेत. वाचा तो, आणि खाली मान घालून वाचा. फक्त गंगावेशीअलीकडच्या त्या गल्लीतले शेवटचे घर त्यात शोधू नका. ते सापडणार नाही.

म्हणून माझे मागणे एवढेच. उद्या तुमच्या दारात कुणी खोली विचारायला आले आणि नावापुढचे आडनाव ऐकून तुमचा हात कडीवर थांबला, तर त्या घटकेला अक्काताईंची आठवण ठेवा. त्यांचाही हात थांबला होता. मग त्यांनी कडी काढली.