कोंबडी मोटार

"पाय एकदम नोको काढू. हळू... हळू म्हणलं न."

गाडीनं दोन उड्या मारल्या आणि जागीच गप झाली. मनकर्णाबाईनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीत घेतले. डोक्यावरचा पदर मानेवर घसरला होता. आसेगावच्या मागच्या पांदणीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं म्हणून बरं, नाहीतर गावाला महिनाभर हसायला विषय झाला असता.

"मले नाई जमत," ती म्हणाली. "बाईमाणसाचं काम नोय हे."

"मोट हाकता येते न तुले? मंग हेबी येईन." जगदेव हसत खाली उतरला. समोर जाऊन त्यानं हँडल खोचलं, एक झटका दिला, आणि इंजिन पुन्हा फुरफुरू लागलं. परत येऊन तो डाव्या बाजूच्या सीटवर बसला. "अन् उद्या मी बिमार पडलो तं? वांगे का पायी जातीन बाजारात?"

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. जगदेव भाजीपाल्याचा मळा करायचा. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. कारंज्याच्या एका जिनिंगमधल्या साहेबाच्या बंगल्यावर त्याची भाजी जायची. साहेबाची बदली झाली, आणि बंगल्यामागं कधीची पडून असलेली त्याची इवलीशी बेबी मोटार कोणीतरी न्यावी असं निघालं. जगदेवनं आपल्या दोन जोड्यांतली एक बैलजोडी देऊन ती गाडी आणली. मोठे भाऊ बापूराव त्यावर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. चावडीवर मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "धडधाकट बैल देऊन टिनाचा डबा आनला या बह्याडानं."

बंगल्यामागं असताना त्या गाडीत कोंबड्या अंडी घालत. घरी आणल्यावरसुद्धा सीटच्या फटीतून पिसं निघत राहिली. जोरात चालली की ती उडायची आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर बसायची. गावानं तिचं नाव कोंबडी ठेवलं, आणि जगदेवला ते नाव इतकं आवडलं की तो स्वतःच म्हणू लागला, "कोंबडी धुवाची हाये, पानी आन."

आणि खरंच, पाळलेल्या जिवासारखीच होती ती. एवढी हलकी की अडाण नदीच्या वाळूत रुतली तेव्हा चौघांनी बाजेसारखी उचलून काठावर ठेवली. पावसात टपातून नेमकी मनकर्णाबाईच्या बाजूला धार लागायची, मग ती गाडीत बसल्या बसल्या छत्री उघडायची. पहिल्यांदा दोघं तिच्या माहेरी, कामरगावला गेले, तेव्हा आई आरतीचं ताट घेऊन दारात आली आणि जावयाला ओवाळावं की मोटारीला, या घोळात उभीच राहिली. जगदेव म्हणाला, "आधी तिले ओवाळा, ती रुसली तं मले इथंच रायनं पडंन." आई लाजली, आणि तिनं खरंच आधी गाडीला ओवाळलं. त्या दिवशी परतताना मनकर्णाबाई वाटभर हसत होती. लेकरू नव्हतं घरात. पण त्या गाडीत बसलं की दोघांच्या मध्ये काही उणं आहे असं तिला वाटायचं नाही.

शिकायला तिला बरेच दिवस लागले. गिअर जमले, वळण जमलं. एक हँडल तेवढं जमलं नाही. एकदा त्याचा उलटा झटका बसून मनगट सुजलं, तेव्हापासून तिनं त्याला हात लावला नाही. गाडी सुरू करून द्यायचं काम जगदेवचं.

थंडीतली सकाळ होती. वांग्यांची टोपली उचलता उचलता जगदेव मळ्याच्या बांधावर बसला. छातीवर हात, तोंड राखेसारखं. बापूराव शेतावर गेलेले. उरलेली बैलजोडी त्यांच्याकडं.

"मंगरूळच्या दवाखान्यात ने मले," जगदेव म्हणाला. "गाडीनं."

"सुरू कशी करू मी?"

तो उठला. तिनं दंड धरला तर तो सोडवून समोर गेला. हँडल मारलं, पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा मारताना त्याच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. इंजिन लागलं. तो गाडीला धरत धरत डाव्या बाजूला आला आणि सीटवर बसला. "चाल," म्हणाला. "बंद नोको पडू देऊ."

तिनं बंद पडू दिली नाही. वाटभर तो सांगत राहिला. मधात घे. खड्डा हाये. बैलगाडी येऊन राह्यली, भोंगा वाजव. नाल्यावरच्या फरशी पुलावर गाडीला हिसका बसला आणि जगदेवचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिला वाटलं, ग्लानी आली. थांबून बघावं तर गाडी बंद पडेल, आणि पडली तर सुरू कोण करणार? ती थांबली नाही. रस्त्याच्या कडेला काही माणसं ऊन खात बसली होती. त्यातला एकजण ओळखीचा निघाला.

"काय जगदेवभाऊ," तो ओरडला, "घरवाली डायवर ठेवली, अन् तुमी खांद्यावर झोपून राह्यले?"

सगळे हसले. ती पुढे बघत राहिली. मग मंगरूळच्या तोंडाशी असलेला लांब चढ आला. इंजिन धापा टाकू लागलं. गोंधळून तिचा हात थबकला, आणि तेवढ्यात कानाशी आवाज आला, "दुसऱ्यात टाक." तिनं टाकला. गाडी चढ चढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट धरलं, डोळ्यांची पापणी उचलून पाहिली. "बाई, हे वाटेतच गेले," ते हळूच म्हणाले. "बराच वेळ झाला असावा. अंग गार पडलंय."

"चढावर तं बोलले."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा मनगट धरून पाहिलं. तो चढ तर अलीकडेच, गावाच्या तोंडाशी होता.

जगदेव बैलगाडीतून घरी गेला. कोंबडी दवाखान्यासमोर लिंबाखाली उभी राहिली. तेरवी झाल्यावर मनकर्णाबाई बापूरावांबरोबर तिला आणायला गेली. बापूरावांनी बैल आणले होते.

"दोर बांधून ओढत नेऊ," ते म्हणाले. "घरी ठेवू, कोनी घेतली तं देऊन टाकू."

तिनं सीटखालचं हँडल काढलं, समोर जाऊन खोचलं, मुठीत आवळलं.

"अंगठा बाहीर ठेव. मुठीत नोको घेऊ."

तिनं वळून पाहिलं. बापूराव लांब, बैलांपाशी होते. डावी सीट रिकामी होती, पण मधोमध दबलेली, कोणी बसावं तशी. तिनं अंगठा बाहेर काढला आणि झटका दिला.

त्यानंतर दर बाजाराला भाजी त्याच गाडीनं जाऊ लागली. लोक बोलले, पांढऱ्या कपाळाची बाई मोटर हाकते म्हणून. मग बोलायचे थांबले. वाटेत एकटी असली की आवाज यायचा. मधात घे. पानी तापून राह्यलं, थांबव जरा. ती उत्तर द्यायची. मिरचीला आलेली कीड सांगायची, गाडी हाकते म्हणून रुसलेले बापूराव पुन्हा बोलू लागले ते सांगायची. त्यावर तो काही बोलायचा नाही. बोलायचा ते रस्त्याचंच.

एकदा जाऊ गोजराबाई बाजाराला निघाली आणि सहजच पुढं बसायला गेली.

"मांगं बसा, बाई," मनकर्णाबाई म्हणाली.

"काहून? पुढं मोकळं हाये न."

"तिथं वारं लागते."

गोजराबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुमान मागे टोपल्यांत जाऊन बसली. तिनंच मग गावात सांगितलं असणार. त्या सीटवर नंतर कोणी टोपलीसुद्धा ठेवली नाही. काही लोक गाडी दिसली की रस्त्याच्या कडेला होऊन मान खाली घालत. मनकर्णाबाईला भीती वाटत नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती, की एखाद्या दिवशी तो बोलणार नाही.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग त्या रस्त्यावर खडी टाकायचं काम निघालं. मानोऱ्याकडच्या तांड्यातली माणसं कामावर आली होती. एका बाजाराच्या दिवशी मनकर्णाबाई नाल्याची फरशी ओलांडून पुढे आली, तर सगळी टोळी रस्त्यावर आडवी उभी.

"बाई, थांबा," एक माणूस हात जोडून पुढे आला. सोमला त्याचं नाव. "खडीची बंडी गेली माह्या बायकोच्या पायावरून. लय रगत जाऊन राह्यलं."

त्याची बायको चंदाबाई खडीच्या ढिगाला टेकून बसली होती. पायाला गुंडाळलेलं फडकं लाल झालं होतं. मनकर्णाबाईनं मागच्या टोपल्या भराभर उतरवल्या. दोघांनी चंदाबाईला उचलून मागे घालून पाहिलं. पण मागं ती जागा केवढी, पाय लांब होईना, आणि दुमडला की ती किंचाळायची.

"पुढं बसवू," सोमला म्हणाला.

टोळीचा मुकादम लखमा म्हातारा होता. तो हलक्या आवाजात बोलला, "पुढं नोको रे. ती मालकाची जागा हाये."

चंदाबाईनंही ऐकलेलं असावं. दुखण्यातसुद्धा ती मागे सरकली. "मले नोको तिथं. मी बैलगाडीनं जाईन."

बैलगाडीनं दुपार झाली असती. फडक्यातून थेंब गळत होते. सगळे मनकर्णाबाईकडे पाहत होते. ती गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. दार उघडून धरलं. सीटकडं बघायला तिला वेळ लागला.

"उतरा आता," ती म्हणाली. "बाईले बसू द्या."

एक माणूस सावकाश उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती दार धरून उभी राहिली. लखमानं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग ती सोमलाला म्हणाली, "उचला."

गाडी निघाली. सोमला मागे कसाबसा बसून बायकोचे खांदे धरून होता. चढ आला. इंजिन धापा टाकू लागलं. मनकर्णाबाई वाट पाहत राहिली, जरा जास्तच. गाडी थरथरली, बंद पडायला आली. तिनं मग आपल्याच हातानं दुसरा टाकला.

चंदाबाईनं दाराची कड घट्ट धरली होती. "बाई," तिनं विचारलं, "खरंच उतरले न ते?"

"हाव," मनकर्णाबाई म्हणाली. "उतरले."

पाय वाचला. दोन बोटं तेवढी काढावी लागली. सोमला तिच्या पाया पडायला वाकला, तिनं पडू दिलं नाही.

परतताना ऊन कललं होतं. चढ उतरली, तरी कोणी काही म्हणालं नाही. खडीच्या ढिगाशी तिनं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. हात लांब करून आतूनच डावं दार उघडलं. तांड्याची माणसं काम आटोपून चुली पेटवत होती. त्यांनी तिला पाहिलं आणि मालकाला चढू द्यावं तशी ती पाठ करून बसली. धूर रस्त्यावरून आडवा जाऊ लागला. इंजिन फुरफुरत राहिलं. कोणी आलं नाही.

बऱ्याच वेळानं ती उतरली. पदराचं टोक ओलं करून तिनं सीटवरचं रक्त पुसलं. सकाळी उतरवलेल्या टोपल्या लखमानं झाडाखाली नीट झाकून ठेवल्या होत्या. तिनं त्या एकेक करून मागे रचल्या. एक उरली. ती उचलून तिनं पुढच्या सीटवर ठेवली, पडू नये म्हणून जरा आत सरकवली, आणि दार लावून घेतलं.