राखेने घासलेला आरसा

“राखेनं घासला? दुर्बिणीचा आरसा राखेनं घासला?” मुख्याध्यापक भैय्याजींचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला.

“कंदिलाची काच राखेनंच साफ होते जी,” प्रेमदास म्हणाला. “काल राती सरांनी मले पाह्यले लावलं. आतमंधी रुईचा पुंजका दिसला. मले वाटलं, जिनातून उडून आरशावर बसला असंल.”

टेबलावरच्या आरशाचा चांदीसारखा लेप जागोजागी निघून गेला होता. चऱ्यांमधून खालचे लाकूड दिसत होते.

“अबे, तारे होते ते! नरतुरंग राशीसमूहातला तारकागुच्छ. लाखो तारे!” भैय्याजी ओरडले.

प्रेमदासने विज्ञान शिक्षक रूपराव सरांकडे पाहिले. सिंदीच्या त्या शाळेत तो नऊ वर्षे हंगामी शिपाई होता. १९७८च्या त्या एप्रिलात त्याला कायम करण्याचा कागद भैय्याजींच्या खणात सहीसाठी पडून होता. आधीची बारा वर्षे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गावच्या कारखान्यात, रुई वाहण्यात गेली होती. तिथला खोकला अजून छातीत होता. “आरशावर काही दिसलं तर पुसत जाजो,” असे सरांनीच सांगितले होते. कशाने, ते सांगितले नव्हते.

“तुम्ही सांगितलं होतं याले?” भैय्याजींनी विचारले.

रूपराव सर खिडकीबाहेर पाहत राहिले. “मी हात लावायला सांगितलं नव्हतं.”

भैय्याजींनी खणातला कागद काढून फाडला. “उद्यापासून येऊ नको.”

खिशातली प्रयोगशाळेची किल्ली प्रेमदासने टेबलावर, आरशाला लागणार नाही अशी, हळूच ठेवली.

मार्गशीर्षात रूपराव सर जिनात गेले. तोंडाला फडके बांधून प्रेमदास पुन्हा तिथेच रुई लोटत होता.

“चूक माझी होती, प्रेमदास.” यंत्रांच्या आवाजात सरांना ते दोनदा म्हणावे लागले.

“राहू द्या जी. एक सांगा, तो पुंजका अजून हाये का तिथं?”

“आहे. चैत्रात पुन्हा वर येईल. बाराशे कोटी वर्षांचा आहे तो.”

“म्हंजे माह्या पुसण्यानं त्याचं काई बिघडलं नाई.” तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि बराच वेळ थांबला नाही.

सर निघाले.

“सर, तुमच्या खांद्यावर रुई बसली हाये.”

प्रेमदासचा हात पुढे आला. मग मध्येच थांबून मागे गेला.

“तुमीच झटका जी,” तो म्हणाला. “मी हात लावत नाई.”