बाहेर उघडणारे दार

मित्रांनो, मी एका घराचा जुना नकाशा आहे, आणि तोही चुकलेला. तरी कपाटावर गुंडाळी होऊन ऐटीत राहतो.

आर्किटेक्ट बाईंनी मला मोठ्या निगुतीने काढले होते. जाड रेघा म्हणजे भिंती, बारीक जोडरेघा म्हणजे खिडक्या. त्यांनी मला टेबलावर पसरले आणि मी गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर कपबशा ठेवल्या. बाबा सगळे कळल्यासारखी मान डोलवत होते. आईने मात्र बाथरूममधल्या पाव वर्तुळावर बोट ठेवले.

"हे कोपऱ्यातलं गोल कपाट छान आहे हो!"

"कपाट नाही ताई, दार आहे ते. उघडताना एवढी जागा घेतं."

सगळे हसले, आजोबा सोडून. ते चाकांच्या खुर्चीत बसत. नव्या घरात त्यांना एकच गोष्ट हवी होती, आंघोळीसाठी कुणाला हाक मारावी लागू नये.

"मला कागदावरचं कळत नाही," ते म्हणाले. "जमिनीवर काढून दाखवा."

दुसऱ्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर बाईंच्या देखरेखीखाली बाबांनी पांढरी फक्की टाकून मला खऱ्या मापात उतरवले. आई हात पसरून दार झाली. आजोबा खुर्ची घेऊन आत शिरले आणि आई दार लावायला वळली, ती थेट त्यांच्या गुडघ्यांवर आदळली.

"सूनबाई, दार काही लागत नाही!" आजोबा हसत म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटले. तेवढ्यात वाऱ्याने मी बाबांच्या हातातून उडालो आणि आजोबांनी मला चाकाखाली दाबून धरले.

बाईंनी तिथेच वाकून लाल पेन्सिलीने माझे दार बाहेर उघडणारे केले. आई पुन्हा उभी राहिली. आजोबा आत गेले, खुर्ची वळवली आणि आईचा हात धरून दार ओढून घेतले.

"आता निघा सगळे," ते रुबाबात म्हणाले. "माझी आंघोळ चालू आहे!"

पुढे नवी, स्वच्छ प्रत कामावर गेली. सगळे कौतुक तिचे झाले आणि सिमेंटच्या हातांनी ती फाटूनही गेली. माझ्यावर धूळ बसली. आईने मला टाकले मात्र नाही, कारण माझ्यावर त्या चाकाचा ठसा आहे.

मित्रांनो, नकाशासमोर उगाच मान डोलवू नका. कळले नाही तर विचारा, जमिनीवर काढून चालून बघा. रेघ खोडरबराने पुसता येते, भिंतीला घण लागतो.

आता रोज सकाळी बाथरूमची कडी आतून लागते. मी कान देऊन ऐकतो. पाण्याचा आवाज येतो, बेसूर गाणे येते. हाक येत नाही.