साक्षर झाल्याची नोंद

“बाई, हा पोपट मला लहान मूल समजतो का हो?”

संगणकाच्या पडद्यावरचा पोपट पंख आपटत ‘शाब्बास’ ओरडत होता. समोर बसलेली मावशी छप्पन्न वर्षांची. रुग्णालयाच्या धोबीखान्यात कामाला. सोड्याने हात सोलवटलेले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी तिला संध्याकाळी शिकवत असे. धडे मला नेमणाऱ्या साक्षरता संस्थेच्या संकेतस्थळावरचे, एकूण चाळीस. एकाची परीक्षा दिल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

आमचं घोडं सहाव्यावर अडलं होतं, आणि वेळ नव्हता. आजवर चादरींच्या गाठोड्यांना वॉर्डाप्रमाणे रंगीत फिती असत. एक तारखेपासून छापील चिठ्ठ्या येणार होत्या. वाचता न येणाऱ्या बायकांना मुकादम घड्या घालायला बसवणार होता.

“बसा की मग,” मी म्हटलं. “सावलीतलं काम.”

“तीस वर्षं गाठोड्यांचं वाटप मी करते, बाई. आता कालच्या पोरी मला चिठ्ठी वाचून दाखवणार?”

चिठ्ठ्यांवर येणारी वॉर्डांची नावं जशीच्या तशी चाळिसाव्या धड्यात होती, आणि तो पुरा केल्याशिवाय त्याची पानं छापता येत नव्हती. मला घाई नडली. रविवारी दुपारी घरी बसून तिच्या नावाने सगळ्या परीक्षा मीच दिल्या. चांगले गुण पडले. पडणारच. चाळिसाव्या धड्याची पानं लगेच छापून घेतली.

तिचं नाव संस्थेकडे रुग्णालयानेच नोंदवलेलं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सोमवारी प्रमाणपत्र थेट मुकादमाच्या हातात. धोबीखान्यात टाळ्या वाजल्या, आणि मावशीचं वाटपाचं टेबल कायम झालं. इकडे संकेतस्थळावरचं तिचं खातं बंद.

मी संस्थेला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली. “मॅडम, साक्षर झालेल्याला परत निरक्षर करायची सोय नाहीये सिस्टीममध्ये.”

“मी उद्या मुकादमाला खरं सांगते,” मी मावशीला म्हटलं.

“काही नको. परीक्षा तुम्ही दिल्यात हे कळलं तर संस्था तुम्हाला काढेल. तुमच्याकडे अजून चौघी येतात ना? त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?” मग हसून म्हणाली, “छापलेली पानं आहेत. गिरवीन मी. एवढं काय!”

मी मुकादमाकडे गेले नाही. तिचं म्हणणं पटलं म्हणून की सोयीचं होतं म्हणून, ते मला आजही धड सांगता येत नाही.

तीन आठवडे तिने रेटलं. चौथ्या आठवड्यात संसर्ग वॉर्डाची गाठोडी नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. नर्सने वेळीच पाहिलं, कुणाला काही झालं नाही. पण चौकशी बसली. मग मात्र मी धावले, मुकादमाला सगळं सांगितलं.

त्याने प्रमाणपत्र माझ्यापुढे धरलं. “वाचता येत नसतं तर घड्यांना बसवलं असतं, कुणी काढलं नसतं. पण हिला येतंय, असा कागद आहे. तुमच्या तोंडी बोलण्यावर मी कागद खोटा कसा ठरवू?”

संध्याकाळी मावशी नेहमीच्या वेळेला आली. केस नीट विंचरलेले. पिशवीतून रुग्णालयाचं पाकीट काढलं, आतलं पत्र टेबलावर पसरलं. मी हात पुढे केला, तसं तिने ते आपल्याकडे ओढलं.

“तुम्ही नका. मी वाचते.”

बोट ठेवून तिने सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव. मग धोबीखाना. मध्येच ओळ सुटली, ती मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून. बाहेर वाचनालयाचा शिपाई खिडक्या लावत होता. एका लांब शब्दापाशी ती बराच वेळ थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग एकेक अक्षर सुटं करत, कपाळाला आठ्या घालत तिने तो पार केला.

“ह…ल…ग…र्जी…पणा.” तिने वर पाहिलं. “बरोबर का, बाई?”

“बरोबर,” मी म्हटलं.

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, शब्दाखाली एक बारीक रेघ ओढली, आणि बोट पुढच्या शब्दावर नेलं.