अकरा ते साडेअकरा

वहीत सगळं लिहिलेलं असायचं. दूध किती वाजता प्यायली, किती प्यायली, झोप कधी लागली, शी कशी झाली, शिंका किती आल्या. पाचव्या महिन्यात मुलीला घरी ठेवून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पुन्हा कामावर जायची वेळ आली, तेव्हा वहिनीने ही वही काढली होती. तिला वहिनी म्हणणारी घरात एकटी नणंदच, पण हळूहळू शेजारीपाजारी सगळ्यांनीच तेच नाव उचललं.

वही भरायची नणंद. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. कॉलेजात असताना तिने खुणांच्या भाषेचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून साधं ‘चहा घेणार का’ विचारतानाही तिचे हात गरगर फिरायचे. सासूबाई म्हणायच्या, “हिचे हात बांधून ठेवले तर ही मुकी होईल.”

तर या भिंगरीने परदेशातल्या एका प्रशिक्षणासाठी अर्ज केला. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांची शाळा, तिथेच वर्षभर राहायचं, मुलांना सांभाळायचं, शिकायचं. जागा बारा, अर्ज कित्येक शे. अर्जासोबत एक शिफारसपत्र लागणार होतं. अर्जदाराने ज्या घरातलं मूल सांभाळलं आहे, त्या घराने ते भरायचं आणि अर्जदाराला न दाखवता थेट संस्थेकडे पाठवायचं.

“तुझ्याशिवाय कोण आहे मला?” भिंगरी म्हणाली. “आणि हात आखडता घेऊ नकोस. मी देवी आहे असं लिही.”

“आणि फोनवर असताना दूध उतू घालवतेस, ते?”

“ते रकाने संपल्यावर लिही.”

वहिनीने ते पत्र प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत भरलं. प्रेमळ आहे का, आहे. वेळ पाळते का, पाळते. सहा प्रश्नांपर्यंत पेन भराभर चाललं. सातवा प्रश्न होता: अर्जदाराच्या देखरेखीखाली मुलाला कधी इजा झाली आहे का?

पेन थांबलं.

मुलगी पडली होती. सहा महिन्यांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी सकाळी. भिंगरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि मुलगी वहिनीपाशी होती, पलंगावर. वहिनी फोनवर टाईप करत होती. आयांच्या ग्रुपवर कुणीतरी मुलाच्या तापाबद्दल विचारलं होतं, आणि अशा वेळी वहिनीचा सल्ला सविस्तर असायचा. टाईप करता करता ती ‘ओल्या फडक्याने अंग पुसा’पर्यंत आली आणि धप्प आवाज झाला. भिंगरी गॅलरीतून धावत आली, तिनेच मुलीला उचललं. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या तेव्हा मुलगी भिंगरीच्या हातात होती आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

“तुझं लक्ष कुठे होतं गं?” सासूबाई लेकीवर कडाडल्या.

वहिनीने तोंड उघडलं होतं. शब्द बाहेर पडला नाही. भिंगरीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बर्फ आणायला गेली. संध्याकाळी नवराही बहिणीला दोन शब्द बोलला. उद्या सांगू, असं वहिनीने ठरवलं. मग परवा. मग ती गोष्ट घरात तशीच घट्ट बसली. मुलगी जरा रडली की सासूबाई आतून विचारायच्या, “पाडलीस का पुन्हा?” आणि भिंगरी म्हणायची, “नाही, आज सुट्टी आहे माझी.” सगळे हसायचे. वहिनीसुद्धा.

सातव्या प्रश्नापुढे तिने ‘हो’वर खूण केली. खाली लिहिलं: एकदा. पलंगावरून पडली. किरकोळ.

यात खोटं काय आहे? तिने स्वतःला विचारलं. मुलगी पडली हे खरं, भिंगरी घरात होती हेही खरं. पण मनाच्या तळाशी दुसरंच काही होतं आणि ते तिला स्वच्छ दिसत होतं. भिंगरी गेली तर मुलीपाशी कोण? सासूबाईंचे गुडघे आता मुलीमागे धावू देत नव्हते. कोपऱ्यावरचं पाळणाघर वहिनी दोनदा खिडकीतून बघून आली होती. नाक वाहणारं एक मूल दाराशी एकटंच बसलेलं दिसलं आणि ती तिथूनच परत फिरली होती.

प्रयोगशाळेतला पहिला नियम तीच नव्या मुलींना शिकवायची. नळीवर नाव लिहायचं ते माणूस समोर बसलेला असताना. नंतर आठवून नाही. नऊ वर्षांत तिच्या हातून एका नळीवर दुसऱ्याचं नाव पडलं नव्हतं. पत्र पाठवून ती नळ्यांपाशी परत आली आणि तिने समोर बसलेल्या माणसाला नाव विचारलं.

शनिवारी सकाळी भिंगरीची मुलाखत झाली, कॉम्प्युटरवर, आतल्या खोलीत दार लावून. वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बाहेर बसली होती. अर्ध्या तासाने भिंगरी बाहेर आली. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

“काय गं?”

“बरी झाली. पडण्याचं विचारलं त्यांनी.”

“मग?”

“मग काय. म्हटलं, हो, माझ्या हातून झालं.”

“अगं, असं कशाला सांगितलंस?”

“तू लिहिलंयस. मी नाही म्हटलं असतं तर आपल्यापैकी एक खोटी पडली असती.” भिंगरीने मुलीच्या हातातून वहीचा कोपरा सोडवला. मुलीला ती वही चावायला फार आवडायची. “त्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, इजा झालेली असली तर आम्ही सहसा जागा देत नाही. सोमवारी दुपारी कळवतील. तेव्हा तुझी लेक आता माझ्याच गळ्यात.”

ती हसली. वहिनीला हसता आलं नाही.

“तुला माहीत होतं, ती माझ्यापाशी होती,” वहिनी म्हणाली.

“वही मी भरते, वहिनी. सुट्टीच्या दिवशीही मीच भरते, तुला विचारून. त्या दिवशी अकरा ते साडेअकराचं तू सांगितलं नाहीस. मी जागा कोरी सोडली. वाटलं, तू लिहिशील.” तिने वही टेबलावर ठेवली. “आईचं बोलणं मी घेतलं अंगावर. त्याचं काही नाही, ती मला तसंही बोलतेच. पण तू परक्या लोकांना लिहून देशील, असं नव्हतं वाटलं.”

ती आंघोळीला निघून गेली. रागाने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हलकेच लावलं, कारण मुलीला झोप येत होती.

वहिनीने मुलीला पाळण्यात ठेवलं आणि संस्थेला फोन लावला. आधी आपलं नाव नीट सांगितलं. पुढचं वाक्य तीनदा सुरू करून तीनदा मोडलं. शेवटी म्हणाली, “सातवं उत्तर चुकीचं आहे. मूल माझ्याकडे होतं. मी फोनमध्ये होते.”

पलीकडच्या बाई सावकाश म्हणाल्या, “आज सकाळी त्या मुलीने स्वतः कबूल केलंय. आता तुम्ही उलट सांगताय. घरच्यांनी तिच्यासाठी जुळवाजुळव केली, असं आम्ही धरून चालणार.”

“मग काय करू?”

“लेखी द्या. आणि त्या वेळी घरात असलेल्या आणखी एका मोठ्या माणसाची त्यावर सही घ्या. सोमवारी दहाच्या आत.”

त्या वेळी घरात असलेलं आणखी एक मोठं माणूस स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतं.

वहिनीने कागद लिहिला. चार ओळी. तो घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. मग परत वरून वाचलं. शेंगांचं ताट मांडीवरच राहिलं.

“म्हणजे सहा महिने मी तिला बोलतेय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि तू समोर बसून ऐकत होतीस.”

“हो, आई.”

वहिनीला वाटलं, आता भांडं फेकतील तर फेकू देत. सासूबाईंनी फक्त पेन मागितलं. सही करताना, मान वर न करता म्हणाल्या, “मुलं पडतात. तुझा नवरा माझ्या हातून जिन्यावरून पडला होता, चार टाके पडले त्याला. पण त्याच दिवशी त्याच्या आजीपुढे जाऊन सांगितलं होतं मी. चळचळा कापत सांगितलं होतं.”

कागद परत देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जेवणाच्या वेळी भिंगरीच्या ताटात मात्र न विचारता दोनदा वाढलं. नवऱ्याने विचारलं, “आज सगळे गप्प का?” तेव्हा वहिनीनेच सांगितलं, हातातला घास हातात धरून. तो बहिणीकडे बघत राहिला, मग बायकोकडे. “मला तरी सांगायचं होतंस,” एवढंच म्हणाला आणि उठला. ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत वहिनीने नऊ वेळा फोन पाहिला. निरोप आला नाही. घरी पोचली तर शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या. “अभिनंदन हो, नणंदेची निवड झाली म्हणे.” जागा मिळाल्याचं आधी आईला कळलं, भावाला कळलं, शेजारी कळलं. तिला जिन्यात. आपण याहून जास्त मागू शकत नाही, हे तिला कळत होतं, तरी पुढच्या पायऱ्या ती कठड्याला धरून चढली.

भिंगरी निघायच्या आधीच्या आठवड्यात दोघी मुलीला घेऊन पाळणाघरात गेल्या. आतून ती जागा खिडकीतून दिसली होती त्यापेक्षा स्वच्छ होती. नाक वाहणारं मूल तिथेच होतं आणि एक ताई त्याचं नाक पुसत होती. पाळणाघराच्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात मधेच एक प्रश्न होता: मुलाला पूर्वी कधी इजा? कशी, कुणाच्या देखरेखीखाली?

वहिनीने लिहिलं: आठव्या महिन्यात पलंगावरून पडली. आईच्या देखरेखीखाली.

बाईंनी वाचलं आणि वर पाहिलं. “असं कुणी लिहीत नाही हो,” त्या म्हणाल्या. “सगळ्या आया रेघ मारून मोकळ्या होतात.”

“आमच्याकडे लिहितात,” मुलीला कडेवर घेतलेली भिंगरी म्हणाली. “जरा उशिरा लिहितात.”

वहिनीने पेन परत केलं आणि ती मुलीचा टॉवेल, बाटली, वही एकेक करून पिशवीतून काढून टेबलावर ठेवायला लागली.